कर्मचाऱ्यांना कार्यालयात यावेसे वाटावे म्हणून मुंबईत खर्च नेमका कशावर करावा?

मस्टर

आमचे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे आणि तेथील प्रशासन विभागाचे काम माझ्याकडे आहे. पटावर अडीचशेच्या आसपास माणसे आहेत. आठवड्यातून तीन दिवस हजेरी बंधनकारक असली, तरी मंगळवारी आणि बुधवारी बसायला खुर्ची मिळत नाही आणि शुक्रवारी सबंध मजल्यावर सुरक्षारक्षक, हाऊसकीपिंगची मंडळी आणि चालू एसी एवढेच काय ते असते. दारात कार्ड लावून, कॉफी पिऊन दुपारीच परत फिरणारेही आता बरेच झाले आहेत. व्यवस्थापनाने यावर उपाय म्हणून वेगळी तरतूद मंजूर केली असून, "लोकांना यावेसे वाटेल असे काहीतरी करा" असा मोघम आदेश माझ्या टेबलावर येऊन पडला आहे. सल्लागाराने दिलेल्या प्रस्तावात टेबल टेनिस, बीन बॅग, भिंतीवर रंगवलेले गेटवे ऑफ इंडिया आणि एक महागडे कॉफीयंत्र यांचा समावेश आहे.

माझे मत या प्रस्तावाच्या विरोधात आहे आणि ते या चर्चामंचावर मांडून तपासून घ्यावे, असा हेतू आहे. मुंबईचा नोकरदार सकाळी उठल्यावर आधी हिशेब करतो तो गाडीचा: कोणती लोकल मिळेल, तिच्यात पाय ठेवायला जागा असेल का, आणि संध्याकाळी निदान आठपर्यंत घरी पोहोचता येईल का. एवढी यातायात करून आल्यावर तो दिवस घरी बसूनही होण्यासारख्या कामात गेला, तर पुढच्या वेळी तो कारणे शोधतो, आणि त्यात मला त्याची चूक दिसत नाही. म्हणून तरतुदीतला मोठा वाटा प्रवास सुसह्य करण्यावर आणि आलेला दिवस वाया जाणार नाही याची व्यवस्था लावण्यावर खर्च व्हावा. सजावट उरल्या पैशांत करावी.

संकुलाची अडचण मुंबईकरांना ठाऊक आहेच. येथे लोकलचे स्थानक नाही. पश्चिम रेल्वेने येणाऱ्याने वांद्र्याला उतरायचे, मध्य आणि हार्बर मार्गाने येणाऱ्याने कुर्ल्याला, आणि तेथून पुढे शेअर रिक्षा किंवा बेस्टची बस पकडायची. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२४ मध्ये आरेपासून संकुलापर्यंत आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये थेट कफ परेडपर्यंत सुरू झाल्याने मरोळ, दादर आणि गिरगावकडच्या लोकांची चांगली सोय झाली. घाटकोपरला मेट्रो १ पकडून मरोळ नाक्याला मेट्रो ३ मध्ये बदलणारेही काही आहेत. पण आमच्याकडचे निम्म्याहून अधिक लोक ठाणे, कल्याण आणि त्याही पलीकडून येतात, आणि कुर्ल्याला उतरणाऱ्याच्या नशिबी रिक्षाची रांग अजून आहेच.

जाणकारांनी आपापल्या कार्यालयांतले अनुभव सांगावेत. कामचुकारांना घरीच बसायचे असते वगैरे चर्चा येथे पूर्वी भरपूर झाली आहे, ती कृपया पुन्हा नको.

पगारपत्रक

मुळातच असहमत. महिन्याच्या शेवटी खात्यात जमा होणारी रक्कम हेच कार्यालयात येण्याचे आकर्षण आहे आणि ते पुरेसे असायला हवे. मार्च २०२० पूर्वी हीच माणसे, ह्याच गाड्यांतून, आठवड्याचे पाच आणि कित्येक ठिकाणी सहा दिवस येत होती. तेव्हा कोणी त्यांना यावेसे वाटते का असे विचारले नव्हते. कार्यालय म्हणजे लग्नाचा हॉल नव्हे की पाहुण्यांचे स्वागत अत्तर शिंपडून करावे. कोणी येत नसेल तर त्याच्या वरिष्ठाने त्याला विचारावे. खर्चाची गरज मला दिसत नाही.

मस्टर

पूर्वी येत होते हे खरे आहे, कारण दुसरा मार्ग आहे हे कोणालाच माहीत नव्हते. आता तो माहीत झाला आहे आणि समोरची कंपनी तो देऊ करते, हा फरक आहे. माझ्या विभागाला राजीनाम्यांचा खर्च दिसतो. एक अनुभवी माणूस गेला की नवीन माणूस शोधून, शिकवून, कामाला लावेपर्यंत जे महिने जातात त्यांची बेरीज कोणत्याही कॉफीयंत्रापेक्षा मोठी असते.

शांघायच्या ट्रिप डॉट कॉम या कंपनीत अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१-२२ मध्ये सोळाशेहून अधिक कर्मचाऱ्यांवर सहा महिने प्रयोग केला. जन्मतारीख सम की विषम यावरून दोन गट पाडले. एका गटाला आठवड्यातले दोन दिवस घरून काम करण्याची मुभा दिली, दुसऱ्या गटाला पाचही दिवस यावे लागले. २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मुभा मिळालेल्या गटातले राजीनामे एक-तृतीयांशाने घटले, आणि कामाच्या मूल्यमापनात किंवा बढत्यांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. राजीनाम्यांतली ही घट प्रामुख्याने व्यवस्थापक नसलेल्या, स्त्रिया असलेल्या आणि लांबून प्रवास करणाऱ्या कर्मचाऱ्यांमध्ये दिसली.

पगारपत्रक

हा पुरावा तर घरी बसण्याच्या बाजूचा झाला! तुमच्या धाग्याचा विषय कार्यालयात आणण्याचा आहे.

मस्टर

नीट पाहिल्यास तो अंतराच्या बाजूचा पुरावा आहे. ज्यांना लांबून यावे लागते त्यांच्यासाठी उरलेले तीन दिवस काय पदरात टाकतात, हाच तर आमच्यापुढचा प्रश्न आहे.

बदलापूर लेडीज

बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर ६८ किलोमीटर आहे आणि माझे कार्यालय फोर्टमध्ये असल्यामुळे मी ते पूर्ण कापते. धागाकर्त्यांनी विचारले आहे म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट लेटमार्क. गाडी सिग्नलला उभी राहिली, की डब्यातल्या निम्म्या बायका घड्याळ पाहू लागतात, कारण दहा वाजून पाच मिनिटांनी आलेल्या तीन लेटमार्कांचा एक अर्धा दिवस कापला जातो. जो माणूस पहाटे पाचला उठून, डबे भरून, दोन तास उभ्याने प्रवास करून आला आहे, त्याचे स्वागत यंत्राच्या लाल दिव्याने होणार असेल, तर आतमध्ये कितीही मऊ सोफे ठेवा, त्यांच्यावर बसण्याची इच्छा होत नाही. आमच्याकडे एका साहेबांनी, वरून आदेश येण्याची वाट न पाहता, आपल्या विभागापुरती आठ ते अकरा अशी येण्याची मुभा ठेवली आणि दिवसाचे तास भरले की जायला सांगितले. त्या विभागात बदली मागणाऱ्यांची रांग लागली. या सुधारणेला एक रुपयाही लागला नाही.

दुसरी गोष्ट, आणि मला ती पहिलीपेक्षा मोठी वाटते, ती म्हणजे निघण्याची वेळ. येण्याच्या वेळेवर सगळ्यांचा डोळा असतो. निघण्याची वेळ कोणीच पाळत नाही. सव्वापाचला कोणाला तरी "एक पाच मिनिटांचे बोलायचे होते" असे आठवते, आणि त्या पाच मिनिटांत ठरलेली गाडी जाते. ठरलेली गाडी म्हणजे केवळ गाडी नव्हे. त्या गाडीत आपला ग्रुप असतो, जागा धरणारी मैत्रीण असते, आणि ती चुकली तर पुढच्या गाडीत दाराशी लोंबकळावे लागते. पश्चिम रेल्वेने १९९२ मध्ये चर्चगेट-बोरिवली ही पहिली लेडीज स्पेशल सोडली तेव्हापासून कित्येक बायकांनी आपली नोकरी अशा एखाद्या गाडीच्या वेळेभोवती बांधली आहे. कार्यालयाने एवढेच लेखी द्यावे की पाचनंतर बैठक लावली जाणार नाही. कोणत्याही आकर्षणापेक्षा या एका ओळीने जास्त माणसे येतील.

तिसरी गोष्ट मस्टर यांनी वर सांगितलीच आहे. मी इतके करून पोहोचते आणि माझा चमू त्या दिवशी घरी असतो. मग मी कानाला हेडफोन लावून बदलापूरला बसून जे केले असते तेच फोर्टमध्ये बसून करते. फरक एवढाच की येथे शेजारचाही कॉलवर असतो आणि आम्ही दोघे एकमेकांच्या कॉलमध्ये ऐकू जातो. प्रत्येक चमूने आपले दिवस ठरवावेत आणि त्या दिवशी साहेबांनीही यावे. साहेब घरून आणि आम्ही मस्टरवर, असे असेल तर मन राहत नाही.

पावसाचे वेगळे सांगायला नको. २६ जुलै २००५ ज्यांनी रस्त्यावर काढली त्यांना आजही ढग दाटले की धडकी भरते. हवामान खात्याने रेड अलर्ट दिला की अर्ज, मंजुरी, स्क्रीनशॉट यांपैकी काहीही न मागता तो दिवस घरून, असा सरळ नियम हवा. ज्या कार्यालयाने पावसात माणसाला अडकू दिले नाही, त्या कार्यालयाला उन्हाळ्यात माणसे खुशीने येतात.

नवीन भरती

मी गेल्या वर्षीच नोकरीला लागले. ताईंच्या तिसऱ्या मुद्द्याला अनुमोदन, मात्र माझे कारण वेगळे आहे. मला कार्यालयात यायला आवडते. माझ्या शेजारी बसायला कोणी नसते ही माझी तक्रार आहे. ग्राहकाने आवाज चढवल्यावर काय बोलायचे, कोणती मेल पाठवण्यापूर्वी एक रात्र थांबायचे, हे कोणत्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. एका वरिष्ठ बाई फोनवर बोलत असताना मी नुसती शेजारी बसून जे ऐकले, त्याच्यावर आजपर्यंत माझे काम चालले आहे. त्यांचे येण्याचे दिवस बदलले आणि माझे तेच राहिले. कृपया नव्या लोकांचे दिवस ज्येष्ठांच्या दिवसांशी जुळवा. टेबल टेनिसची आम्हा तरुणांना फार गरज आहे असे समजून जो खर्च केला जातो, तो आमच्या नावावर मांडू नये ही विनंती.

आडवी तिडवी

मी कार्यालयांच्या अंतर्गत रचनेचे काम करते, त्यामुळे सल्लागाराच्या प्रस्तावावर बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे. गेटवेचे भित्तिचित्र मीही रंगवून घेतले आहे. ग्राहक मागतो आणि उद्घाटनाच्या फोटोत ते छान येते.

मुंबईच्या कार्यालयात सर्वांत मोठा शत्रू आवाज आहे. जागेचे भाडे परवडत नाही म्हणून भिंती काढल्या, टेबले लांबलचक केली, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला काच आणि छत उघडे ठेवून नळ्या रंगवल्या. म्हणजे आवाज शोषणारी एकही वस्तू शिल्लक ठेवली नाही. भिंती काढल्या की माणसे एकमेकांशी जास्त बोलतील असे सांगितले जाते. हार्वर्डच्या ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी दोन मोठ्या कंपन्यांच्या मुख्यालयांत प्रत्यक्ष मोजून २०१८ मध्ये प्रसिद्ध केले, की खुल्या रचनेत गेल्यावर समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि मेल व संदेश वाढले. सगळ्यांच्या नजरेसमोर बसवलेला माणूस हेडफोन लावून स्वतःची भिंत स्वतःच उभारतो. बदलापूर लेडीज यांनी जे लिहिले आहे ते नेमके हेच आहे.

यावर उपाय महाग नाही. फॉल्स सीलिंगच्या ध्वनिशोषक पाट्या, फरशीवर कार्पेटचे चौकोन, दोन-चार बंद केबिन ज्यांत एकट्याने कॉल घेता येईल, आणि एक कोपरा जेथे फोन वाजणार नाही. हे पैसे भित्तिचित्राच्या आणि बीन बॅगच्या रकमेतून सहज निघतात. (बीन बॅगवर कोणी बसत नाही. चाळिशीच्या पुढचा माणूस त्यात बसला की त्याला उठवायला दुसरा लागतो.)

दुसरी गोष्ट एसीची. मध्यवर्ती एसी वीस-एकवीसवर ठेवलेला असतो आणि खिडकीकडच्या रांगेला उकडते, तर व्हेंटखालच्या बाई शाल पांघरून बसलेल्या असतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची शिफारस २४ अंशांची आहे. शिवाय कार्यालयांच्या तापमानाचे जुने निकष १९६०च्या दशकात पुरुषाच्या शरीरातील उष्णतानिर्मितीच्या हिशेबाने बांधले गेले, हे २०१५ मध्ये 'नेचर क्लायमेट चेंज'मधल्या एका अभ्यासाने दाखवले. मुंबईत याला आणखी एक पदर आहे, तो परदेशी आराखड्यांत सापडत नाही: येथे माणूस घामाने किंवा पावसाने भिजून आत येतो आणि ओल्या कपड्यांनिशी थेट थंड हवेखाली बसतो.

म्हणून मी आता प्रत्येक ग्राहकाला प्रवेशाजवळ एक छोटी खोली मागते. छत्र्या निथळण्यासाठी खाली ताट असलेला स्टँड, बुटांसाठी जाळीचे कप्पे आणि त्यांच्यामागे एक पंखा, एक आरसा, एक इस्त्री, दोन हँगर आणि जमल्यास एक शॉवर. एवढीच खोली. आर्किटेक्ट हसतात, कारण तीत दाखवण्यासारखे काही नसते. पण जुलैमध्ये जाऊन पाहा, सकाळी नऊ ते अकरा तीच खोली सर्वांत भरलेली असते, आणि ओल्या मोज्यांत दिवस काढावा लागत नाही यासाठी लोक त्या कार्यालयाचे नाव घेतात.

दुपारचा डबा

जेवणाचा विषय कोणीच काढला नाही याचे आश्चर्य वाटले. १८९० पासून ज्या शहरात डबेवाले घरचे जेवण कार्यालयापर्यंत पोहोचवत आले, त्या शहरातल्या नव्या कार्यालयांत डबा उघडून बसायला धड जागा नसते. टेबलावर खायचे नाही असा नियम, पँट्रीत उंच स्टुलांची सजावट आणि एकच मायक्रोवेव्ह. आमच्याकडे पूर्ण मजल्याला एक मायक्रोवेव्ह होता. एक वाजता त्याच्यासमोर जी रांग लागे तिच्यात मासळीचा डबा आणणारा आणि त्याच्या मागे उभा असलेला शाकाहारी यांच्यात रोज शीतयुद्ध चाले. तीन मायक्रोवेव्ह घेतले, त्यांपैकी एक वेगळा ठेवला, आणि पँट्रीतली गोल स्टुले काढून दहा-बारा माणसे बसतील असे एक लांब टेबल टाकले. आता निरनिराळ्या विभागांची माणसे त्या टेबलावर एकमेकांच्या डब्यात हात घालतात. कामाच्या निम्म्या अडचणी तेथेच सुटतात, त्यासाठी बैठक बोलवावी लागत नाही.

मोफत बुफेच्या मात्र मी विरोधात आहे. पहिल्या महिन्यात कौतुक होते, दुसऱ्या महिन्यात पनीर पुन्हा आले म्हणून तक्रारी होतात आणि तिसऱ्या महिन्यात ठेकेदार बदलतो. खालच्या टपरीवरचा कटिंग आणि वडापाव यांच्याशी स्पर्धा करण्याचा प्रयत्न कोणत्याही कंपनीने करू नये. तेथे जाण्यासाठी दहा मिनिटे बाहेर पडू द्यावे, म्हणजे झाले.

नायगावकर

आतापर्यंतच्या सर्व प्रतिसादांत घर हे कार्यालयापेक्षा सुखाचे असते असे गृहीत धरलेले दिसते. माझे बालपण आणि नोकरीची बहुतेक वर्षे नायगावच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत गेली. टाळेबंदीत त्या खोलीत आई, वडील, भाऊ, वहिनी, त्यांची शाळकरी मुलगी आणि मी, अशी सगळी एकाच वेळी होतो. मी बाहेरच्या गॅलरीत पाट टाकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन काम केले आहे, आणि साहेबांनी कॅमेरा सुरू करा म्हटले की मागून बादली घेऊन जाणारे शेजारी दिसत.

माझ्यासारख्यांना कार्यालय आजही हवेच आहे. स्वतःचे टेबल, चांगला उजेड, न तुटणारे इंटरनेट आणि आठ तास कोणी हाक मारणार नाही अशी खुर्ची, ही चैन आम्हाला फक्त कार्यालयात मिळते. म्हणूनच हॉट डेस्क नावाचा जो प्रकार आला आहे तो मला सर्वांत जास्त खटकतो. सकाळी मोबाइलवर खुर्ची आरक्षित करायची, संध्याकाळी सगळे उचलून न्यायचे, घरच्यांचा फोटो ठेवायचा नाही, चार्जर ठेवायचा नाही. घरी माझी जागा नव्हती आणि आता कार्यालयातही नाही. मस्टर साहेबांना सुचवतो, की जे लोक स्वेच्छेने रोज येतात त्यांना कायमची टेबले द्या आणि बाकीच्यांना फिरती ठेवा. निदान प्रत्येकाला किल्लीचा एक कप्पा तरी द्या.

मस्टर

नायगावकर, हा मुद्दा माझ्या आराखड्यात नव्हता. आमच्याकडेही शुक्रवारी येणारी जी दहा-पंधरा माणसे आहेत ती कोण आहेत हे पाहिले. बहुतेक जण दादर, परळ, सायन, कुर्ला या भागांतून लहान घरांतून येणारे आहेत. म्हणजे रिकामा वाटणारा शुक्रवार काही लोकांसाठी आठवड्यातला सर्वांत चांगला दिवस आहे. त्यांची टेबले कायम करण्याचा प्रस्ताव मी टाकतो.

मंत्रालय गेट

शासकीय बाजूने थोडे लिहितो. आमच्याकडे २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आला आणि त्याबदल्यात वेळ सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा अशी वाढली. शनिवार मिळाल्याचा आनंद मोठा होता; पण सव्वासहाला सुटणे म्हणजे ऐन गर्दीत लोटले जाणे, हेही खरे. मध्य रेल्वेने २०२३ मध्ये शहरातल्या कार्यालयांना वेळा पुढेमागे करण्याचे आवाहन केले होते आणि स्वतःच्या मुख्यालयातील कर्मचाऱ्यांसाठी दोन निरनिराळ्या वेळा लावून सुरुवातही केली होती. खासगी कंपन्यांनी त्याचा पुरेसा लाभ घेतला असे दिसत नाही. बदलापूर लेडीज यांच्या साहेबांनी जे आपल्या विभागात केले, ते संकुलातल्या दहा मोठ्या इमारतींनी ठरवून केले तर कुर्ल्याच्या रिक्षांची रांगही आपोआप पसरेल. एका कार्यालयाने केलेल्या बदलाचा फायदा शेजारच्यालाही होतो, हे सजावटीच्या बाबतीत कधी घडत नाही.

काचसामान

एक अप्रिय विषय. शौचालये. नव्या इमारतीच्या लॉबीत संगमरवर असतो आणि मजल्यावरच्या स्त्रियांच्या शौचालयात कडी लागत नाही, पर्स अडकवायला हूक नसतो, कचऱ्याच्या डब्याला झाकण नसते. दोन तास प्रवास करून आलेली बाई सर्वांत आधी तेथे जाते. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्येच मांडले होते, की माणसाला नाराज करणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात आणि कामात रमवणाऱ्या वेगळ्या. स्वच्छतागृह, पगाराची नियमितता, साहेबांचे वागणे या पहिल्या गटातल्या गोष्टी. त्या चांगल्या असल्याने कोणी आनंदाने उड्या मारत नाही, पण वाईट असल्या तर कॉफीयंत्र त्यांची भरपाई करू शकत नाही.

आणि ज्यांच्या हातून ही स्वच्छता होते त्या हाऊसकीपिंगच्या मावशींना घरून काम करण्याचा पर्याय कधी नव्हता, टाळेबंदीतही नव्हता. त्या ठेकेदाराकडच्या असतात, सकाळी सर्वांच्या आधी येतात आणि त्यांना जेवायला बहुतेक इमारतींत जिन्याखालची जागा असते. लांब टेबल टाकाल तेव्हा त्यांनाही तेथे बसता येईल असे बघा.

पगारपत्रक

चर्चा वाचली. मूळ मतापासून फारसा हललो नाही, परंतु हिशेबनीस म्हणून काही गोष्टी नोंदवतो, कारण येथे पैशांविषयी कोणी बोलतच नाही.

संकुलात एका खुर्चीमागे महिन्याला जे भाडे, वीज आणि देखभाल लागते, ते गृहीत धरले तर शुक्रवारच्या रिकाम्या मजल्याचा खर्च कोणत्याही बसच्या ठेक्यापेक्षा मोठा भरतो. तेव्हा कुर्ला स्थानक ते कार्यालय अशी सकाळी आणि संध्याकाळी धावणारी छोटी बस लावण्यास माझी हरकत नाही, विशेषतः शेजारच्या दोन कंपन्या खर्च वाटून घेणार असतील तर. कंपनीच्या वाहनाने केलेला घर ते कार्यालय हा प्रवास आयकरात कर्मचाऱ्याची करपात्र सुविधा धरला जात नाही. रोख प्रवासभत्ता दिला तर मात्र सर्वसाधारणपणे त्यावर कर पडतो. म्हणजे तेवढ्याच पैशांत बस दिलेली कर्मचाऱ्याला जास्त फायद्याची. एसी लोकलचा पास देण्याची सूचना येईलच, म्हणून आधीच सांगतो: पास देऊन गाड्यांची संख्या वाढत नाही, आणि ज्याला डोंबिवलीहून सोयीच्या वेळेची एसी गाडीच नाही त्याला त्या पासाचा उपयोग नाही.

हजेरीशी वार्षिक वाढ जोडण्याच्या मात्र मी बाजूने आहे. तुम्ही सोयी देणार असाल, तर समोरून काही यायला हवे.

बदलापूर लेडीज

वाढ कामाशी जोडा, खुर्चीशी नको. हजेरीशी वाढ जोडली की लोक कार्ड लावून परत जातात, हे सुरुवातीलाच मस्टर यांनी लिहिले आहे. तुम्हाला माणूस हवा आहे की त्याच्या कार्डाची नोंद?

बसबद्दल मात्र आभार, हे आपल्याकडून अपेक्षित नव्हते.

मस्टर

व्यवस्थापनासमोर परवा मांडणी झाली. चमूनिहाय दोन ठरलेले दिवस आणि तिसरा ज्याचा त्याने निवडायचा, आठ ते अकरा येण्याची मुभा, पाचनंतर बैठक नाही, रेड अलर्टला घरून, हे चारही मान्य झाले, कारण त्यांना खर्च नाही. विभागप्रमुखांनी ठरलेल्या दिवशी स्वतः यायचे, या अटीवर बरीच कुरकुर झाली. तीन महिने करून पाहू, असे ठरले आहे. ध्वनिशोषक छत आणि चार बंद केबिन मंजूर झाल्या. ओल्या कपड्यांच्या खोलीला आधी नकार मिळाला होता, पण आमच्या एका संचालकांना गेल्या पावसाळ्यात ओल्या बुटांत दिवस काढावा लागला होता, त्यामुळे तिची फाइल परत मागवली गेली. भित्तिचित्र राहिले. टेबल टेनिस गेले. कुर्ल्याच्या बससाठी शेजारच्या इमारतीतील दोन कार्यालयांशी बोलणी सुरू आहेत.

अडले आहे ते पाळणाघर. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने आलेल्या आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत असलेल्या तरतुदीनुसार पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवे आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाता आले पाहिजे. आम्ही आतापर्यंत एका दूरच्या पाळणाघराशी कागदोपत्री करार दाखवून वेळ मारून नेली. आता मजल्यावर जागा काढा म्हटले, तर भाड्याचा आकडा पुढे केला जातो. कोणाच्या कार्यालयात हे प्रत्यक्ष चालते का?

आडवी तिडवी

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची तरतूद आहेच, आणि अनेक आस्थापनांनी मिळून एक किलोमीटरच्या आत सामायिक पाळणाघर काढण्याची सोयही त्यात आहे. त्यासाठी परवानगी घ्यावी लागते. बससाठी ज्या दोन कार्यालयांशी आपण बोलत आहात, त्यांच्याशी हेही बोलून घ्या. मी एका ग्राहकासाठी असे केले आहे. जागा निवडताना तळमजला किंवा पहिला मजला पाहा, कारण वरच्या मजल्यांसाठी अग्निसुरक्षेच्या परवानग्यांत फार वेळ जातो. खिडकी उघडणारी हवी, आणि मुलांचे शौचालय वेगळे काढावे लागते. आराखडा हवा असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा.

नवीन भरती

सर, पाळणाघर झाले तर ते शुक्रवारीही सुरू ठेवा. त्या वरिष्ठ बाईंनी आपले दिवस बदलले ते मुलाला सांभाळायला शुक्रवारी कोणी नसते म्हणूनच.